असल बरहुकूम नक्कल : कोब्रा मोटार, तिच्या हजारो प्रतिकृती आणि खरेदीपूर्वीचे संशोधन

१/
मराठेशाहीच्या दफ्तरांत मूळ कागदावरून प्रत उतरवली की तिच्यावर ‘असल बरहुकूम नक्कल’ अशा अर्थाचा शेरा आढळतो. हा कागद मूळ नव्हे, मात्र मुळाला धरून आहे, अशी ती कबुली असते. असा शेरा असलेली नक्कल प्रामाणिक असते. तीच नक्कल मूळ म्हणून पुढे केली की ती बनावट ठरते. कागद तोच राहतो. बदलतो तो त्याच्याविषयीचा दावा.

२/
अस्सल, नक्कल आणि बनावट यांतील हा भेद विसाव्या शतकातील एका मोटारीला तंतोतंत लागू पडतो. ती मोटार म्हणजे ‘कोब्रा’. १९६२ ते १९६७ या काळात मूळ कोब्रा सुमारे एक हजारच तयार झाल्या. आज त्याच आकाराच्या हजारो गाड्या जगभर धावतात आणि त्यांतील बहुतेक हाताने बांधलेल्या प्रतिकृती आहेत. अशी प्रतिकृती घेण्यापूर्वी कोणते संशोधन करावे, याचे उत्तर कोब्राच्या इतिहासातच दडलेले आहे.

३/
कोब्राचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. सरे परगण्यातील टेम्स डिटन येथे ‘एसी कार्स’ ही जुनी, छोटी कंपनी होती. १९५३ मध्ये तिने ‘एस’ ही दोन आसनी, उघडी मोटार लंडनच्या प्रदर्शनात मांडली. जॉन टोजेरो यांच्या आराखड्यावर ती आधारलेली होती : तीन इंच व्यासाच्या दोन समांतर पोलादी नळ्यांची चॅसी आणि तिच्यावर हाताने घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बॉडी. पुढे तिच्यात ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन बसवले जाऊ लागले. १९६१ च्या सुमारास ब्रिस्टलने ते इंजिन बंद केले आणि एसीपुढे पेच उभा राहिला.

४/
त्याच सुमारास अमेरिकेत कॅरोल शेल्बी हे टेक्सासचे शर्यतपटू नव्या उद्योगाच्या शोधात होते. १९५९ ची ल मां येथील २४ तासांची शर्यत त्यांनी रॉय साल्वादोरी यांच्या साथीने ॲस्टन मार्टिन चालवून जिंकली होती. पण हृदयविकारामुळे १९६० मध्ये त्यांना शर्यती सोडाव्या लागल्या. हलक्या इंग्लिश गाडीत अमेरिकन व्ही-८ इंजिन बसवण्याचा प्रस्ताव त्यांनी १९६१ मध्ये एसीला पत्राने कळवला. इंजिनासाठी फोर्ड कंपनी पुढे आली.

५/
१९६२ च्या फेब्रुवारीत पहिली गाडी इंजिनाविना विमानाने लॉस एंजेलिसला पोहोचली. सँटा फे स्प्रिंग्ज येथे डीन मून यांच्या कार्यशाळेत तिच्यात फोर्डचे २६० घनइंचाचे इंजिन बसवले गेले. तिचा चॅसी क्रमांक सीएसएक्स २०००. शेल्बी यांच्याजवळ सुरुवातीला ही एकच गाडी होती आणि मोटार नियतकालिकांना तर गाडी चालवून पाहायला हवी होती.

६/
यावर शेल्बी यांनी काढलेला तोडगा प्रसिद्ध आहे. प्रत्येक नियतकालिकाकडे जाण्यापूर्वी त्याच गाडीला वेगळा रंग दिला जाई. वाचकांना वाटे की गाड्या भराभर तयार होत आहेत. एकच गाडी अनेक असल्याचा भास निर्माण करणे, ही कोब्राच्या इतिहासाची सुरुवात होती. पुढे तीस वर्षांनी प्रश्न नेमका उलटा झाला : नव्याने बांधलेल्या अनेक गाड्या जुन्या म्हणून पुढे येऊ लागल्या.

७/
पहिल्या ७५ गाड्यांनंतर २८९ घनइंचाचे इंजिन आले. १९६५ मध्ये त्याहून दांडगी ४२७ कोब्रा आली. तिचे इंजिन सात लिटरचे होते. त्याची ताकद पेलण्यासाठी चॅसीच्या नळ्या तीनऐवजी चार इंचांच्या झाल्या, पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आल्या आणि बॉडी रुंद झाली. आज बहुतेक प्रतिकृती याच फुगीर मडगार्डांच्या ४२७ च्या घाटावर बेतलेल्या असतात.

८/
४२७ ला शर्यतीची अधिकृत मान्यता हवी, तर नियमानुसार शंभर गाड्या तयार असणे आवश्यक होते. १९६५ मध्ये तपासणी झाली तेव्हा पूर्ण झालेल्या गाड्या त्या मानाने फारच कमी भरल्या. मान्यता मिळाली नाही. उरलेल्या शर्यती गाड्या किरकोळ बदल करून रस्त्यावर चालवण्याजोग्या केल्या गेल्या आणि ‘एस-सी’ नावाने विकल्या गेल्या. अपयशातून जन्मलेली हीच आवृत्ती पुढे संग्राहकांची सर्वांत लाडकी ठरली.

९/
खुद्द अस्सल गाड्यांचाही घोळ आहे. ४२७ या नावाने विकल्या गेलेल्या काही गाड्यांत प्रत्यक्षात ४२८ घनइंचाचे इंजिन होते. ही दोन्ही इंजिने फोर्डच्या एकाच कुळातली आणि बाहेरून बरीचशी सारखी. पण ४२७ चा सिलिंडर रुंद व पिस्टनची धाव आखूड, तर ४२८ चा सिलिंडर अरुंद व धाव लांब. ४२७ शर्यतीसाठी घडवलेले, ४२८ रस्त्यासाठी व स्वस्त. बाहेर लावलेला बिल्ला आणि आतील इंजिन यांत फरक असू शकतो, हे साठच्या दशकापासूनचे वास्तव आहे.

१०/
१९६७ मध्ये उत्पादन थांबले आणि हळूहळू भाव चढू लागले. शेल्बी यांनी अखेरपर्यंत स्वतःजवळ ठेवलेली सीएसएक्स २००० ही पहिली गाडी त्यांच्या निधनानंतर, २०१६ मध्ये, कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली. मूळ वस्तू दुर्मीळ, मागणी अफाट आणि रचना तुलनेने सोपी : नळ्यांची चॅसी, सहज मिळणारे व्ही-८ इंजिन आणि उघडी बॉडी. नकलांचे पीक यावे अशीच ही जमीन होती.

११/
प्रतिकृतींचा धंदा फायबरग्लासमुळे फोफावला. एखाद्या बॉडीवरून साचा काढायचा आणि त्यात काचतंतू व रेझिनचे थर चढवायचे, की नवी बॉडी तयार. पत्रा ठोकून घाट देणारा कसबी कारागीर लागत नाही. पण पुढच्या कारखानदाराने मूळ गाडीऐवजी आधीच्या प्रतिकृतीवरूनच साचा काढला, तर तिच्यातील वाकडेपणाही त्याच्या गाडीत उतरतो आणि स्वतःची भर घालूनच पुढे जातो.

१२/
हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा प्रकार नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना संशोधकांनी पोथ्यांचे पाठभेद ताडून पाहिले. कोणती पोथी कोणत्या परंपरेतली, हे समान पाठांवरून आणि समान चुकांवरून उमगते. कोब्राचे जाणकारही दाराची फट, मडगार्डाचा फुगार आणि पुढच्या तोंडाचा आकार पाहून ही बॉडी कोणत्या साच्याची, ते ओळखतात.

१३/
प्रतिकृती म्हटली की सगळ्या एकाच माळेच्या मणी नसतात. पहिला प्रकार ‘किट’चा : कारखाना चॅसी, बॉडी व सुटे भाग देतो आणि मालक ती घरच्या गॅरेजात जोडतो. मॅसॅच्युसेट्समधील ‘फॅक्टरी फाइव्ह रेसिंग’ ही १९९५ मध्ये सुरू झालेली कंपनी या प्रकारातील ठळक नाव. तिच्या आरंभीच्या किटमध्ये जुन्या फोर्ड मस्टँगचे इंजिन, गिअरबॉक्स व इतर भाग काढून वापरले जात. ब्रिटनमध्ये अशाच कामी जुन्या जग्वार गाड्यांचे भाग उपयोगी पडले.

१४/
दुसरा प्रकार कारखान्यात जवळजवळ पूर्ण बांधून मिळणाऱ्या गाड्यांचा. दक्षिण आफ्रिकेत तयार होणारी ‘सुपरफॉर्मन्स’ त्यांपैकी एक. तिसरा ॲल्युमिनियमच्या प्रतिकृतींचा. अमेरिकेच्या युटा राज्यातील ‘कर्कहॅम मोटरस्पोर्ट्स’ने १९९० च्या दशकात पोलंडमधील मिएलेत्स येथे अशा बॉडी घडवून घेतल्या. हे शहर विमान कारखान्याचे. तिथे एकेकाळी सोव्हिएत मिग विमाने परवान्याने तयार होत. शीतयुद्धानंतर विमानाचा पत्रा घडवणारे हात मोटारीच्या पत्र्याकडे वळले. चौथा प्रकार मूळ नावाच्या हक्कदारांनीच पुढे बांधलेल्या ‘कंटिन्युएशन’ गाड्यांचा, आणि सर्वांत मोठा वाद याच प्रकाराशी निगडित आहे.

१५/
१९९० च्या दशकाच्या आरंभी शेल्बी यांनी काही ४२७ एस-सी गाड्या विक्रीस काढल्या. १९६५ मध्ये वापराविना उरलेल्या चॅसींवर त्या बांधल्या जात आहेत, असे सांगण्यात येत होते. कॅलिफोर्नियाच्या मोटार वाहन विभागाने प्रतिज्ञापत्राच्या आधारे १९६५ च्या क्रमांकांची दुय्यम मालकीपत्रे दिली होती. त्यांची संख्या चाळीसहून अधिक होती. १९९३ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने शोध घेऊन वृत्त छापले की या चॅसी प्रत्यक्षात नव्वदच्या दशकाच्या तोंडावर नव्याने बनवलेल्या आहेत.

१६/
या प्रकरणात क्रमांक सरकारी, मालकीपत्र सरकारी आणि सांगणारी व्यक्ती खुद्द कोब्राची जनक. साधनांची याहून भक्कम साखळी कोणती असणार? तरीही लोखंड वेगळीच साक्ष देत होते. सरकारी कागद हा त्या कार्यालयाला काय सांगितले गेले याचा पुरावा असतो. वस्तू केव्हा घडली याचा पुरावा वस्तूतच शोधावा लागतो.

१७/
यानंतरच्या काळात शेल्बी यांच्या कंपनीने सीएसएक्स ४००० या मालिकेपासून नव्या गाड्या उघडपणे नव्या म्हणून विकल्या. हाच तो ‘असल बरहुकूम नक्कल’ शेरा. म्हणून आज केवळ ‘सीएसएक्स’ ही अक्षरे पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. २००० व ३००० च्या मालिका साठच्या दशकातल्या, तर ४०००, ७०००, ८००० या नंतरच्या. आणि १९९३ च्या प्रकरणानंतर, ३००० च्या मालिकेतील क्रमांकाचीही स्वतंत्र छाननी आवश्यक ठरते.

१८/
प्रतिकृती बांधण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न न्यायालयातही गेला. शेल्बी यांच्या बाजूने सुपरफॉर्मन्सविरुद्ध दावा दाखल झाला. २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संघीय न्यायालयाने सुपरफॉर्मन्सच्या बाजूने कौल दिला : हा आकार अनेक उत्पादक वर्षानुवर्षे विकत आले होते, तो पाहून ग्राहकाला एकच उत्पादक आठवतो, असे सिद्ध झाले नाही. पुढे सुपरफॉर्मन्सने शेल्बी यांच्याकडून रीतसर परवाना घेतला. म्हणून प्रतिकृतीवर शेल्बीचे नाव असेल, तर ते परवान्याने आले की दुकानातून आणून चिकटवले, हेही पाहावे लागते.

१९/
अस्सलपणा म्हणजे नेमके काय, याचा सखोल विचार १९९० मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात झाला. वस्तू होती बेंटलेची ‘ओल्ड नंबर वन’. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे ल मांची शर्यत जिंकलेली ही गाडी. १९३२ मध्ये ब्रुकलँड्स येथील अपघातात चालक क्लाइव्ह डनफी यांचा तिच्यात मृत्यू झाला. तिची पुन्हा बांधणी झाली. अनेक दशकांनी सुमारे एक कोटी पौंडांचा व्यवहार ठरला. पण ही खरी गाडीच नव्हे, म्हणून खरेदीदाराने माघार घेतली.

२०/
१९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीच शिल्लक नसल्याचे सुनावणीत पुढे आले. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी विक्रेत्याच्या बाजूने निकाल दिला. शर्यतीगणिक भाग बदलत गेले, अपघातानंतर बॉडी बदलली. परंतु त्या गाडीचा प्रवास कुठेही तुटला नाही आणि तिची जागा दुसऱ्या गाडीने घेतली नाही. गाडीची ओळख तिच्या अखंड, तपासता येणाऱ्या इतिहासात असते, हे या निकालाचे सार.

२१/
प्रतिकृती घेणाऱ्याच्या दृष्टीने या निकालाचे मोल मोठे आहे. प्रतिकृतीलाही स्वतःचा इतिहास असतो : तिची चॅसी कोणी वेल्ड केली, इंजिन कोठून आले, ती कोणी जोडली, पुढे कोणी काय बदलले. ‘१९६५ ची कोब्रा’ हा तिचा इतिहास नव्हे. तो तिने पांघरलेला वेश आहे. संशोधन करायचे ते वेशाखालच्या गाडीचे.

२२/
इतिहासाच्या साधनाचे परीक्षण दोन टप्प्यांत होते : बहिरंग आणि अंतरंग. गाडीच्या बाबतीत बहिरंग परीक्षण म्हणजे कागद. मालकीपत्रावर वर्ष कोणते आणि निर्माता कोण? कारखान्याची मूळ पावती, सुट्या भागांची बिले, बांधणीच्या वेळची छायाचित्रे आहेत काय? चॅसीवर कोरलेला क्रमांक, मालकीपत्रावरचा क्रमांक आणि कारखान्याच्या नोंदीतील क्रमांक हे तिन्ही जुळतात काय? किटचा कारखाना अजून चालू असेल, तर त्याच्याकडे क्रमांक कळवून खातरजमा करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय.

२३/
कायदा देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये अशा गाडीला रस्त्यावर येण्यापूर्वी स्वतंत्र वैयक्तिक तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते आणि वय किंवा ओळख ठरवता न येणाऱ्या गाडीच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘क्यू’ने होते. कॅलिफोर्नियात दरवर्षी विशेष बांधणीच्या ५०० गाड्यांना धुराच्या नियमांत सवलत मिळते. नव्याने जोडलेली गाडी १९६५ ची म्हणून नोंदवली असेल, तर त्या वेळी वाचलेला कर व टळलेली तपासणी पुढे नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

२४/
अमेरिकेच्या संसदेने २०१५ मध्ये कायदा करून लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ प्रतिकृती पूर्ण बांधून विकण्याची मुभा दिली. मात्र मूळ गाडी किमान २५ वर्षे जुनी असावी आणि धूर आजच्या नियमांत बसावा. प्रत्यक्ष नियमावली यायला २०२१ उजाडले. या मुभेत संपूर्ण वाहनाच्या सुरक्षा-मानकांतून सूट अंतर्भूत आहे. जिथे कायदा हात मागे घेतो, तिथे पारखण्याचा भार खरेदीदारावर येतो.

२५/
अंतरंग परीक्षण म्हणजे गाडीच्या पोटात शिरणे. ती लिफ्टवर चढवून चॅसीचे वेल्डिंग, नळ्यांवरचा गंज आणि अपघातानंतर सरळ केल्याच्या खुणा पाहाव्यात. नळ्या गोल की चौकोनी, किती इंची, यावरून कारखाना ओळखता येतो. इंजिनाच्या ओतीव भागावरील क्रमांक व तारखेच्या खुणा विक्रेत्याच्या कथनाशी ताडाव्यात. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तसा फायबरग्लासलाही चिकटत नाही. तेव्हा चुंबक लावून काही सिद्ध होत नाही. मडगार्डाच्या आतली, रंग न चढलेली बाजू पाहावी.

२६/
एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षीच्या दोन किट-गाड्या अगदी भिन्न असू शकतात, कारण जोडणारे हात भिन्न असतात. एकाने दोन वर्षे शनिवार-रविवार खपून प्रत्येक बोल्ट मोजून आवळलेला असतो. दुसऱ्याने ब्रेकची नळी धुराच्या नळीला खेटून नेलेली असते. वायरिंग, ब्रेकच्या नळ्या, स्टीअरिंगचे सांधे, रेडिएटर व इंधनाची टाकी या पाच जागी जोडणाऱ्याचे खरे अक्षर वाचता येते. रंग आणि क्रोम हे सुवाच्य अक्षरातले मुखपृष्ठ; त्यावरून आतील मजकुराची पारख होत नाही.

२७/
इथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. सुमारे एक टन वजनाची, चारशे अश्वशक्तीच्या आसपासची, छप्पर नसलेली ही गाडी. बहुतेक प्रतिकृतींत एअरबॅग नसते, चाके जाम होऊ न देणारी ब्रेकयंत्रणा नसते. म्हणून कोब्राच्याच बांधणीची माहिती असलेल्या, विक्रीत कोणताही लाभ नसलेल्या यंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. विक्रेत्याने सुचवलेला तपासनीस म्हणजे पक्षकारानेच आणलेला साक्षीदार.

२८/
साक्षीदारांच्या बाबतीत इतिहासकाराचा निकष साधा असतो : सांगणारा घटनेच्या किती जवळ होता आणि सांगण्यात त्याचा स्वार्थ किती? शर्यतीत धावल्याची ऐकीव कहाणी बखरीसारखी असते. ती टाकून देऊ नये, पण तिच्यावर व्यवहारही उभारू नये. त्याउलट स्वतंत्र नोंदी मोलाच्या. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘शेल्बी अमेरिकन ऑटोमोबाइल क्लब’ने प्रत्येक मूळ कोब्राचा चॅसी क्रमांकानुसार वृत्तान्त सांगणारी नोंदवही प्रसिद्ध केली. मूळ कोब्राची संख्या जेमतेम हजार असल्यामुळेच हे शक्य झाले आणि भोंदू दाव्यांना आळा बसला.

२९/
वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यामागे अस्सल कागदांवाचून इतिहास उभा राहत नाही हा आग्रह होता. बनावट कागद दफ्तरात शिरला की केवळ एक घर फसत नाही. त्यावर विसंबणारा पुढचा प्रत्येक अभ्यासक फसतो. गाड्यांचेही तसेच. खोट्या वर्षाची एक गाडी नोंदीत शिरली की मूळ गाड्यांची संख्या, त्यांचे मोल आणि त्या घडवणाऱ्या टेम्स डिटनच्या कारागिरांचे श्रेय, सारेच गढूळ होते.

३०/
म्हणून प्रतिकृती घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चांगल्या हातांनी बांधलेली, स्वतःचे खरे वर्ष आणि खऱ्या कर्त्याचे नाव सांगणारी प्रतिकृती ही सन्माननीय वस्तू आहे. घेणाऱ्याने तिचे कागद जपावेत, स्वतः केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहून ठेवावा आणि विकताना ती वही पुढच्या मालकाच्या हाती द्यावी. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक ती गाडी लिफ्टवर चढवील, तेव्हा लोखंड आणि कागद या दोघांची साक्ष एकच निघाली पाहिजे.

धागा समाप्त.